शेवट ठाऊक असूनही: हलक्याफुलक्या किशोर प्रेमकादंबऱ्यांची गोडी कशात असते?

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी विनाकारण घराबाहेर पडण्याचा विचार कोणी करीत नाही. पारा बेचाळीसच्या पुढे सरकलेला असतो, कूलरमधले पाणी तळाला गेलेले असते आणि घरातली माणसे जिथे गारवा मिळेल तिथे आडवी झालेली असतात. अशाच एका दुपारी माझी अकरावीत गेलेली भाची फरशीवर पालथी पडून साडेतीनशे पानांची इंग्रजी कादंबरी वाचत होती आणि मधूनच स्वतःशी हसत होती. मुखपृष्ठ फिकट गुलाबी, त्यावर व्यंगचित्रासारखे काढलेले एक मुलगा आणि एक मुलगी, दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना. “दिवसभर काय वाचायलीस गं?” असे ताईने विचारताच तिने पुस्तक छातीशी धरले आणि “काही नाही, स्टोरी आहे,” एवढेच सांगितले. संध्याकाळी ताईने ते पुस्तक चाळले, शेवटचे पान वाचले आणि माझ्यापुढे आणून ठेवले. “पहिल्या पानावर जे कळतं तेच शेवटच्या पानावर आहे. मग मधली पानं वाचायची कशाला?”

हा प्रश्न आज पुष्कळ घरांत पडतो. गेल्या काही वर्षांत पुस्तकांची शिफारस करणाऱ्या छोट्या चित्रफितींचा मोबाइलवर सुळसुळाट झाला आहे. परदेशात त्या मुख्यतः टिकटॉकवर पसरल्या. भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आल्याने आपल्याकडची मुले त्या इन्स्टाग्रामवर पाहतात. या चित्रफितींत तरुणांच्या प्रेमकादंबऱ्यांना मोठा मान असतो, आणि त्या पाहून मुले पुस्तके मागवतात. ज्या पिढीबद्दल ‘ही वाचतच नाही’ अशी तक्रार आपण करतो, ती पिढी साडेतीनशे पाने दोन दिवसांत संपवते, तेव्हा त्या पानांत काय आहे हे समजून घेणे भागच आहे.

आधी नावांचा उलगडा

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात ‘यंग अ‍ॅडल्ट’ अशी पाटी असलेले कपाट असते. साधारणपणे बारा ते अठरा या वयाच्या वाचकांसाठी लिहिलेली पुस्तके त्यात असतात. या लेखात त्यांना आपण ‘किशोर कादंबरी’ म्हणू. हा वर्ग प्रथम ग्रंथपालांच्या गरजेतून ठळक झाला. मूल बालविभागात रमत नाही आणि मोठ्यांच्या विभागात बिचकते, तेव्हा त्याला बसवायचे कुठे, हा त्यांचा रोजचा पेच होता. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने १९५७ मध्ये या वयाच्या वाचकांच्या सेवेसाठी स्वतंत्र विभागच स्थापन केला. त्याआधी, १९४२ मध्ये, मॉरीन डेली या तरुण लेखिकेची एका उन्हाळ्यातील पहिल्या प्रेमाची कादंबरी प्रसिद्ध झाली होती. अनेक अभ्यासक या प्रकाराची सुरुवात तिथून मानतात.

दुसरी संज्ञा ‘कमिंग ऑफ एज’. मराठीत याला ‘वयात येणे’ म्हटले की डोळ्यांपुढे केवळ शरीर येते. म्हणून मी ‘जाण येण्याची कथा’ म्हणेन. मूल जगाविषयी आणि स्वतःविषयी जे धरून चालले होते त्यातले काही खोटे ठरते आणि त्या धक्क्यातून ते थोडे शहाणे होते, एवढाच तिचा गाभा. हा साचा जुना आहे. जर्मन साहित्यिक गटेने १७९५-९६ मध्ये एका तरुणाच्या घडणीची कादंबरी लिहिली, तेव्हापासून युरोपीय साहित्यात त्याची परंपराच आहे.

तिसरा शब्द ‘रोमान्स’. आपण तो सैलपणे वापरतो, परंतु पुस्तकांच्या व्यवसायात त्याला नेमका अर्थ आहे. अमेरिकेतील प्रेमकथा लेखकांच्या संघटनेच्या व्याख्येनुसार रोमान्स म्हणवण्यासाठी दोन गोष्टी लागतात: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम असणे आणि शेवट समाधान देणारा, आशा जागवणारा असणे. ताईला जो दोष वाटला तो असा व्याख्येतच लिहून ठेवलेला आहे.

ताणा कोणता आणि बाणा कोणता

सोलापुरात वाढलेल्या माणसाला माग समजावून सांगावा लागत नाही. उभे धागे म्हणजे ताणा. तो आधी ताणून बांधलेला असतो. आडवे धागे म्हणजे बाणा. तो धोट्यासरशी इकडून तिकडे धावतो आणि बघणाऱ्याचे डोळे त्याच्यामागेच जातात. या कादंबऱ्यांत प्रेम हा बाणा आहे. तो सतत हलतो, रंगीत असतो, चित्रफितींतही त्याचेच कौतुक होते. ज्या धाग्यांतून तो विणला जातो ते मात्र मोठे होण्याचे असतात: जिवलग मैत्रीण दुसऱ्या घोळक्यात जाणे, मोठी बहीण शिकायला परगावी जाणे, वडिलांनी दुसरे लग्न करणे, ज्या विषयात आपण हुशार समजलो जात होतो त्यातच गुण घसरणे.

चांगली किशोर प्रेमकादंबरी ओळखण्याची माझी एक कसोटी आहे. शेवटी ते प्रेम जमले नसते तर ती मुलगी पहिल्या पानावर होती तशीच उरली असती का, असे विचारून पाहावे. उत्तर ‘हो’ असेल तर ताणा कच्चा आहे असे समजावे, मग मुखपृष्ठ कितीही देखणे असो.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते या वयातील प्रेम हा बऱ्याच अंशी ‘मी कोण’ हे शोधण्याचा प्रयत्न असतो; स्वतःची धूसर प्रतिमा दुसऱ्यापुढे धरायची आणि त्याच्या प्रतिसादातून ती हळूहळू स्पष्ट होऊ द्यायची. म्हणूनच या वयातली मुले एकमेकांशी तासन्‌तास नुसती बोलत असतात, आणि म्हणूनच या कादंबऱ्यांत घटना थोड्या आणि संवाद फार असतात. तो मुलगा नायिकेला विचारतो, “तुला खरंच डॉक्टर व्हायचंय की घरच्यांना हवंय?” एवढ्या एका प्रश्नासाठी वाचक त्याच्यावर जीव टाकते, त्याच्या केसांचे वर्णन त्यानंतर येते.

“शेवट ठाऊक असताना वाचायचे कशाला?”

आता ताईच्या प्रश्नाकडे येऊ. दरवर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर मंदिराजवळ संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाहाचा हट्ट धरला आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाहाला संमती दिली, ही कथा सोलापुरातल्या लहान मुलालाही पाठ असते. तरीही पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी सात नंदीध्वज घेऊन निघतात तेव्हा लाखो माणसे रस्त्यावर उभी असतात. काय घडणार हे आधीच ठाऊक आहे म्हणून कोणी घरी बसत नाही. देवाच्या सोहळ्याची आणि करमणुकीच्या पुस्तकाची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. शेवट माहीत असल्याने ओढ संपत नाही, एवढेच त्यावरून पाहायचे आहे.

शेवट माहीत असला की लक्ष मोकळे होते. रहस्यकथेत वाचक ‘पुढे काय’ या एकाच दोरीला बांधलेला असतो. प्रेमकथेत ती काळजी लेखकाने आधीच उचललेली असते. त्यामुळे वाचकाला ‘कसे’ याकडे निवांत पाहता येते. कॅलिफोर्नियातील दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये केलेल्या प्रयोगांत शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना अधिक आवडल्याचे दिसले होते. नंतरच्या काही अभ्यासांत निष्कर्ष उलटेही आले, तेव्हा त्यावर फार भार टाकू नये; परंतु शेवट कळला की मजा गेलीच, असा सरसकट नियम नाही हे नक्की.

शिवाय हा शेवट ताईला वाटला तितका सोपा नसतो. मोठ्यांच्या प्रेमकथा बहुधा लग्नापाशी किंवा जन्मभराच्या वचनापाशी थांबतात. किशोर कादंबरी क्वचितच तिथवर जाते. शाळा संपते, दोघे दोन वेगळ्या शहरांत शिकायला निघतात, पुढचे कोणालाच ठाऊक नसते, आणि तरीही या घडीला सारे बरे आहे, अशा जागी ती थांबते. प्रकाशनाच्या परिभाषेत याला ‘सध्यापुरते सुखी’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. सोळा-सतराव्या वर्षी याहून मोठे आश्वासन देणे खोटेच ठरले असते.

ठरावीक प्रसंगांबाबतही हेच. या कादंबऱ्यांत काही साचे पुन्हा पुन्हा येतात. इंग्रजीत त्यांना ट्रोप म्हणतात. दोघांनी काही कारणाने जोडपे असल्याचे नाटक करणे हा त्यातला सर्वांत लाडका. आपल्याकडे ज्याने शाळेचे स्नेहसंमेलन पाहिले आहे त्याला त्याची गंमत लगेच कळेल. नाटकात नवरा-बायकोचे काम मिळालेल्या दोघांना तालमीत एकमेकांशी बोलण्याची अधिकृत परवानगी मिळते आणि कोणी चिडवलेच तर “नाटक आहे ते” असे म्हणून सुटताही येते. दुसरा लाडका साचा भांडणाऱ्या दोघांचा. ज्या वर्गात मुले एका रांगेत आणि मुली दुसऱ्या रांगेत बसतात, तिथे भांडण हेच बोलण्याचे एकमेव प्रतिष्ठित निमित्त असते, हे आपल्याहून चांगले कोणाला ठाऊक असणार?

फजितीचे मोल

या पुस्तकांची गोडी प्रेमापेक्षाही फजितीत अधिक आहे असे माझे मत आहे, आणि भाची ज्या ठिकाणी हसत होती ती पाने मी मागाहून वाचली तेव्हा ते पक्के झाले.

डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये ‘काल्पनिक प्रेक्षक’ ही कल्पना मांडली. किशोरवयीन मुलाला सतत असे वाटत असते की सारे जग आपल्याकडेच पाहत आहे. कपाळावर एक पुटकुळी आली तर ती अख्ख्या वर्गाला दिसली, क्लासच्या जिन्यात पाय घसरला तर ते वर्षभर सगळ्यांच्या लक्षात राहणार, याविषयी त्याच्या मनात शंका नसते. मोठी माणसे “कोणी बघत नाही तुझ्याकडे” असे सांगतात. ते खरे असते, आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नाही, कारण भीतीला माहिती पुरत नाही.

कादंबरी इथे वेगळा उपाय करते. ती नायिकेची सर्वांत वाईट भीती पन्नासाव्या पानाच्या आतच खरी करून टाकते. ज्याच्याविषयी लिहिले त्यालाच निरोप जातो, मैत्रिणीला पाठवायचा फोटो वर्गाच्या समूहावर पडतो, भर स्वयंपाकघरात आजी नको ते विचारते. वाचकाचे कान लाल होतात. मग पान उलटते, दुसरा दिवस उजाडतो आणि नायिका जिवंत असते. तिला शाळेत जावे लागते, दोन-चार जण हसतात, एक जण हसत नाही, आणि दुपारपर्यंत वर्गात दुसऱ्याच कोणाचा विषय निघतो. उपदेशाने जे पटत नाही ते या एका दिवसाच्या वर्णनाने पटते, कारण वाचक तो दिवस आतून जगलेली असते. यातली बहुतेक पुस्तके प्रथमपुरुषी निवेदनात असतात ती यासाठीच.

याच निवेदनातून विनोदाचीही सोय होते. नायिकेला वाटते की तो मुलगा आपल्याला हसला; वाचकाला मात्र त्याच परिच्छेदातल्या बारीक खुणांवरून कळते की तो बिचारा स्वतःच्या उसवलेल्या शिवणीवर हात ठेवून उभा होता. दोघेही आपापल्या रंगमंचावर एकटे उभे आहेत आणि समोरचा प्रेक्षक आहे असे दोघांनाही वाटते. हे वाचकाला शंभर पाने आधी कळते. ज्या वयात घरात, शाळेत, क्लासात सगळे आपल्याहून शहाणे असतात, त्या वयात निदान एका पुस्तकात तरी आपण सर्वांत शहाणे असण्याचे सुख कमी लेखू नये.

“मग मोठी माणसे हे का वाचतात?”

वाचतात हे खरे. अमेरिकेतील बाउकर या संस्थेच्या २०१२ च्या पाहणीत, बारा ते सतरा वयासाठी म्हणून प्रसिद्ध झालेली पुस्तके विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के जण अठरा वर्षांवरचे होते आणि त्यांतले बहुतेक स्वतःसाठीच घेत होते. स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात की उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत दाट आठवतात. त्या काळात पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी फार असतात, हे त्याचे एक कारण दिले जाते. मला यात आणखी एक साधे कारण दिसते: दिवसभर हिशेब आणि हप्ते पाहून आलेल्या माणसाला रात्री असे पुस्तक हवे असते, ज्यात सर्वांत मोठे संकट म्हणजे शनिवारी कोणाबरोबर जायचे हे असेल.

“पण मुले बिघडणार नाहीत का?”

ही काळजी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हलक्याफुलक्या किशोर प्रेमकथा बहुधा हातात हात आणि एखाद्या चुंबनापाशी थांबतात. तरीही त्याच कपाटात, जवळजवळ तशाच मुखपृष्ठाखाली, प्रौढांसाठी लिहिलेली पुस्तकेही येऊन बसतात आणि चित्रफितींत दोहोंची सरमिसळ होते. मुखपृष्ठावरून वय ठरवू नये. याहून सूक्ष्म दोष असा की काही पुस्तकांत संशय घेणे, रुसून अबोला धरणे, दुसऱ्याचा फोन तपासणे हे उत्कट प्रेमाचे लक्षण म्हणून रंगवलेले असते. चुंबनाच्या वर्णनापेक्षा मला त्याची धास्ती जास्त वाटते. शिवाय तिथली सोळा वर्षांची मुले ज्या मोकळेपणाने वावरतात त्याला आपल्याकडे कुटुंबाची आणि कायद्याचीही चौकट वेगळी आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक संबंधांच्या बाबतीत अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य धरली जात नाही, हे मुलांना कादंबरी सांगत नाही; ते घरातच सांगावे लागते.

मात्र पुस्तक काढून घेतल्याने यातले काहीच साधत नाही. उशीखालचे पुस्तक निदान दिसते तरी. फोनमधले दिसत नाही. ताईला मी एवढेच सुचवले की शेवटचे पान वाचलेच आहे, तर आता मधली वीस वाचावीत आणि भाचीला त्या मुलाच्या वागण्यातले काय आवडले आणि काय खटकले ते विचारावे. चांगल्या पुस्तकांत हल्ली मुलगा हात धरण्याआधी विचारतो, ‘नाही’ म्हटल्यावर मागे सरतो आणि तरीही गोष्ट संपत नाही. आपल्या पिढीने पाहिलेल्या प्रेमकथांत नायक नकार ऐकून गाणे सुरू करीत असे.

मराठीत हे कपाट का दिसत नाही?

आपल्या ग्रंथालयांत बालसाहित्य असते, त्यापुढे थोडे कुमारसाहित्य असते, ज्यात साहस आणि विज्ञान भरपूर आणि प्रेम जवळपास नाही. त्यानंतर एकदम मोठ्यांची कादंबरी सुरू होते. प्रेमकथा आपल्याला नवी नाही. ना. सी. फडके यांनी हलकीफुलकी, गुंगवून ठेवणारी प्रेमकादंबरी दशकानुदशके लिहिली, पण तिचे नायक-नायिका तरुण होते, किशोर नव्हते. नववीतल्या मुलाचे पहिले प्रेम मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ने २००४ मध्ये अत्यंत नितळपणे मांडले, ती मात्र प्रौढ साहित्य म्हणून आली आणि वाचली गेली ती मुख्यतः शाळा मागे पडलेल्यांकडून.

याचे कारण लेखकांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. परदेशी कादंबरीतल्या दोघांच्या मध्ये असतो तो बहुधा गैरसमज, आणि गैरसमज बोलून मिटतो. आपल्याकडे दोघांच्या मध्ये आडनाव असते. आपल्याच जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात चित्रित झालेल्या ‘सैराट’ने २०१६ मध्ये हे दाखवले. त्याचा पहिला भाग हलक्याफुलक्या किशोर प्रेमकथेच्या सर्व खुणा पाळतो, म्हणूनच शेवट अंगावर येतो; प्रेक्षकाने मनातल्या मनात केलेला करारच तिथे मोडला जातो. ज्या समाजात तो शेवट बातमी म्हणूनही वाचायला मिळतो, तिथे ‘सध्यापुरते सुखी’ असे लिहिताना लेखकाचा हात अडखळणारच.

दुसरे कारण अधिक साधे, पण मला तेच जास्त महत्त्वाचे वाटते. हलकेपणाला जागा लागते. परदेशी नायिकेला स्वतःची खोली असते, दाराला कडी असते, सोळाव्या वर्षी गाडीची किल्ली मिळते आणि समुद्रकिनारी रात्री नऊपर्यंत थांबल्याने कोणाचे काही बिघडत नाही. आपल्याकडच्या मुलीला दोन खोल्यांच्या घरात फोन आईच्या फोनशेजारी चार्जिंगला लावावा लागतो. सात रस्त्यावर थांबले तर काका दिसतात, पार्क चौकात बाबांचे मित्र, आणि कंबर तलावाकाठी तर सगळी कॉलनीच फिरायला आलेली असते. अशा ठिकाणी गोष्ट लिहायची तर लपण्याच्या जागा आधी शोधाव्या लागतात. त्या नाहीत असे मुळीच नाही. उन्हाळ्यात गच्चीवर शेजारी शेजारी पडणाऱ्या अंथरुणांच्या रांगा आहेत, तोंडाला स्कार्फ बांधलेल्या मुलींच्या स्कूट्या आहेत, पहाटे सहाचे क्लास आहेत. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, वर्गात मराठी आणि मित्रांत हिंदी बोलणाऱ्या या गावात, जी भाषा आजीला कळत नाही त्या भाषेत फोनवर बोलण्याची सोयही आहे. विनोदाला याहून सुपीक जमीन कुठली असेल मला ठाऊक नाही.

भाचीने सुट्टीत अशी एक गोष्ट मराठीतून लिहायला घेतली आहे. नायिका अशोक चौकातली आहे, मुलगा विजापूर रोडचा, आणि दोघांची पहिली भेट घडवायची कुठे यावरच ती चार दिवस अडून बसली होती. बाग बाद झाली, तलाव बाद झाला, कॅफेला पैसे कुठून आले हे समजावून सांगावे लागले असते. शेवटी तिने क्लासचा जिना ठरवला आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधला. “तिथं का?” असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “मावशी, सोडायला आलेले पालक खालीच थांबतात. वर कोणी बघत नाही.”